‘वाचले’ म्हणण्याचा अधिकार

ज्याला वाचनावर पोट भरावयाचे नाही, परीक्षा द्यावयाची नाही की समीक्षा लिहावयाची नाही, असा मनुष्य वर्षाअखेरीस आपण काय काय वाचले याची यादी का करतो? ही यादी त्याच्याकडे कोणी मागितलेली नसते. तरीही हौशी वाचक ती करतो, आणि अलीकडे तिच्यात एक निराळीच अडचण उत्पन्न झाली आहे. यादीतील काही पुस्तके त्याने डोळ्यांनी वाचलेली असतात, काही कानांनी ऐकलेली असतात, काहींत शब्दांपेक्षा चित्रेच अधिक असतात, आणि एखादी कथा तर त्याने संगणकाच्या पडद्यावर खेळून पुरी केलेली असते. या सर्वांपुढे ‘वाचले’ असे लिहिणे प्रामाणिकपणाचे होईल काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. आम्हास तो तसा वाटत नाही.

आमचे बहुसंख्य वाचक सरकारी सेवेनिमित्त दूर प्रांतांत राहणारे आहेत. त्यांना या प्रश्नाचे मर्म फोडून सांगावे लागणार नाही. फाइल खालून वर जाते, वरून खाली येते, आणि प्रत्येक मेजावर कोणीतरी ‘पाहिले’ असा शेरा लिहून सही करतो. त्या एका शब्दावर पुढचा अधिकारी विसंबतो, आणि कधी कधी एखाद्या विधवेचे निवृत्तिवेतनही त्यावर अवलंबून असते. हौशी वाचकाच्या यादीवर कोणाचे निवृत्तिवेतन अवलंबून नाही, हे खरे. पण येथे सही करणारा आणि तपासणारा एकच असतो. त्यामुळे स्वतःची फसवणूक करण्याची सोय येथे अधिक आहे, आणि ती सवय यादीपुरतीच राहील असा भरवसा कोणी द्यावा?

प्रथम कानाचा विचार करू. ऐकणे हे वाचनाचे धाकटे भावंड आहे, अशी एक समजूत रूढ आहे. इतिहास पाहता नाते नेमके उलटे दिसते. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता, मनातल्या मनात वाचीत असे, ही गोष्ट संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मुद्दाम नोंदवून ठेवली आहे. तिचे त्याला नवल वाटले होते. आमच्याकडे तर वेदांचे नावच श्रुती. शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती श्रोत्यांसमोर. परंपरा सांगते की सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. दासबोधाच्या चौथ्या दशकात समर्थांनी नवविधा भक्तीचे विवरण केले, त्यात पहिला समास श्रवणाचा आहे. चातुर्मासात घरोघर पोथी लागत असे. एक जण वाची आणि दहा जण ऐकत. त्या दहांपैकी कोणालाही आपण उणे काही केले असे वाटत नसे.

बोलक्या पुस्तकांचा जन्मही चैनीतून झालेला नाही. एडिसनने १८७७ मध्ये ध्वनिलेखन साधले. परंतु संपूर्ण ग्रंथ ध्वनिमुद्रित करून देण्याचे काम अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या दशकात सुरू झाले, आणि ते अंधांसाठी. ब्रिटनमध्ये ज्यांच्यासाठी ही योजना झाली, त्यांत पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले सैनिकही होते. अशा सैनिकाने एखादी कादंबरी ऐकून संपविल्यावर “तू ती वाचली नाहीस” असे त्यास सांगण्यास आमची तरी जीभ रेटणार नाही. बर्कली येथील संशोधकांनी २०१९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांना त्याच कथा एकदा ऐकविल्या आणि एकदा वाचावयास दिल्या. शब्दांच्या अर्थाचा मेंदूत उमटलेला नकाशा दोन्ही वेळी बहुतांशी सारखाच आढळला. म्हणजे अर्थाचे घर एकच आहे. दारे मात्र दोन आहेत.

पण दारे दोन असली म्हणजे दोन्हींतून येणाऱ्याची चाल सारखीच असते असे नव्हे. पोथी ऐकणारा आसनावर बसे, हातातील काम बाजूस ठेवी. आजचा श्रोता मोटार चालवितो, भाजी चिरतो, नाही तर सकाळी फिरावयास जातो. वाचणाऱ्याचे मन भरकटले की डोळे थांबतात किंवा एकाच ओळीवरून दोनदा फिरतात. ऐकणाऱ्याचे मन भरकटले तरी निवेदक पुढे चाललेलाच असतो, आणि प्रकरण श्रोत्यावाचून संपते. शिवाय निवेदकाच्या आवाजात त्याने स्वतः लावलेला अर्थ मिसळलेला असतो. कोठे उपरोध आहे आणि कोठे करुणा, हे त्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

म्हणून आम्ही स्वतःपुरता एक विवेक ठेवला आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कानांनी घ्यावीत. ती मुळातच कोणी समोर बसून सांगावे अशा भाषेत आहेत, आणि आवाजाने त्यांचे काही उणावत नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा १९५१ चा ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ हा ग्रंथ मात्र डोळ्यांनीच, आणि तोही हाती पेन्सिल घेऊन. तेथे प्रत्येक वाक्य मागील वाक्याचा हात धरून येते. मागे वळण्याची मुभा नसेल तर वाट चुकते. मर्ढेकरांची कविता आधी वाचावी, मग ऐकावी, मग पुन्हा वाचावी.

चित्रकथांची गोष्ट निराळी. मद्रासहून निघणाऱ्या मासिकाची मराठी आवृत्ती ‘चांदोबा’ १९५२ मध्ये सुरू झाली. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स आले आणि त्यांतील वेताळ मराठी मुलांच्या ओळखीचा झाला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्रकथा आरंभिली. वडीलधाऱ्यांनी या सर्वांना अभ्यासाचे शत्रू ठरविले होते. पण चित्रकथा वाचणे हे नुसते पाहणे नव्हे. दोन चौकटींमध्ये जी कोरी पट्टी असते, तिच्यात एका क्षणापासून दुसऱ्या क्षणापर्यंतची सारी हालचाल वाचकाला स्वतः भरावी लागते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या रिकाम्या जागेलाच चित्रकथेचा प्राण मानले आहे. नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या आपल्या पित्याची कहाणी आर्ट स्पीगेलमन यांनी ‘माउस’मध्ये उंदीर आणि मांजरे काढून सांगितली, आणि १९९२ मध्ये तिला पुलित्झरचे विशेष पारितोषिक मिळाले. चित्रकथेवर एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो. एकदा चित्रकाराने कृष्णाला चेहरा दिला की पुढे भागवत वाचतानाही तोच चेहरा समोर येतो. कल्पनेची ही एक जागा आम्ही दुसऱ्याला दिली, याची जाणीव असावी.

राहता राहिले खेळ. १९७६ मध्ये विल क्राउदर यांनी संगणकावर गुहेतील प्रवासाचा एक खेळ रचला. त्यात चित्रे नव्हतीच. वर्णन वाचावयाचे, आणि पुढे काय करावयाचे ते शब्दांनीच सांगावयाचे. खेळ आणि वाचन यांचे नाते असे जुने आहे. २०१९ च्या ‘डिस्को एलिझियम’ या खेळात दहा लाखांहून अधिक शब्द आहेत. टोरांटो येथे घडलेला २०२३ चा ‘वेण्बा’ हा लहानसा खेळ परमुलखी राहणाऱ्या प्रत्येकाने पाहावा असा आहे. त्यात कॅनडात जाऊन राहिलेली एक तमिळ आई आहे, आणि भाषेपासून दूर जाणारा तिचा मुलगा आहे. आईच्या पाककृतींची जुनी वही डागाळलेली आहे. पुसलेल्या ओळींत काय असेल हे खेळणाऱ्याने ताडून स्वयंपाक पुरा करावयाचा. हरवलेली ओळ शोधण्याची ही कृती म्हणजे वाचनच होय, असे आम्हास वाटते.

खेळात नैतिक अंग आणखी एका बाजूने येते. रास्कोल्निकोव्ह कुऱ्हाड उचलतो तेव्हा वाचक हळहळतो, पण हात त्याचा नसतो. खेळात निवड आपण करतो आणि परिणामही आपल्याच नावावर पडतो. हा अनुभव कादंबरी देऊ शकत नाही. मात्र सगळेच खेळ असे नसतात. खेळणारा उठून जाऊ नये एवढ्याच हिशेबाने रचलेले खेळ पुष्कळ आहेत. त्यांत बक्षिसे वाढत जातात, कथा मात्र जागची हलत नाही. आमची कसोटी साधी आहे: जी कलाकृती आपल्याला मध्येच थांबून विचार करू देते ती आपला मान राखते, जी थांबू देत नाही, ती आपल्याला वापरून घेते. ही कसोटी पुस्तकांनाही लावावी, आणि वर्षाकाठी इतकी पुस्तके संपविलीच पाहिजेत या संकल्पालाही लावावी. आकड्याच्या मागे लागलेला वाचक पातळ पुस्तके निवडू लागतो, निवेदकाचा वेग दुप्पट करतो, आणि यादी लांबत असताना वाचन उथळ होत जाते.

मग यादीत काय लिहावे? मराठीने ही अडचण आधीच सोडविलेली आहे. वाचले, ऐकले, पाहिले, खेळले अशी निरनिराळी क्रियापदे आपल्याजवळ आहेत. जे केले त्याचे क्रियापद लिहावे. आमच्या वहीत तसे रकानेच आहेत, आणि एक रकाना दुसऱ्याहून हलका नाही. शेवटचा रकाना मात्र सर्वांना समान आहे: या कृतीत आपण कोठे थांबलो, कोणत्या विधानाशी भांडलो. तो कोरा राहिला, तर डोळ्यांनी वाचलेले पुस्तकही फक्त ‘पाहिले’ या शेऱ्याच्याच योग्यतेचे.

येथवर आम्ही चारही मार्गांना सारखा मान दिला. एका बाबतीत मात्र डोळ्यांचा पक्ष घेणे आम्हास भाग आहे, आणि ती बाब आमच्या मुलांची आहे. शिलाँग किंवा कोची येथे वाढणाऱ्या मराठी अधिकाऱ्याच्या मुलाला घरातील मराठी येते. पण ती जेव, झोप, अभ्यास कर इतक्यांत संपते. अशा मुलासाठी बोलके पुस्तक हे वरदान आहे. २०१७ मध्ये स्टोरीटेल भारतात आल्यापासून मराठी ध्वनिपुस्तके दूरच्या गावीही सहज मिळू लागली, आणि जी वाक्ये आईबापांच्या तोंडीही क्वचित येतात ती मुलाच्या कानी पडू लागली. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबाला पेट्यांत कोंबावे न लागणारे ग्रंथालय मिळाले, हेही थोडे नाही.

तरीही जे ध्वनिमुद्रित झाले आहे ते मराठी ग्रंथभांडाराचा एक लहानसा भाग आहे. त्याची निवड कोणीतरी केलेली आहे, आणि ती बहुधा खपावर नजर ठेवून केलेली आहे. जो केवळ ऐकू शकतो, त्याला जेथे आधी कोणी ध्वनिक्षेपक घेऊन गेले असेल तेवढ्याच प्रदेशात जाता येते. ज्याला वाचता येते, तो जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत, ज्याची दुसरी आवृत्ती कधीच निघाली नाही अशा पुस्तकात, आजोबांच्या पत्रांत, कोणाचीही परवानगी न घेता शिरू शकतो. श्रवणाने मुलाला भाषेची गोडी लागेल, चित्राने ती धीट होईल, खेळाने निवडीचे ओझे कळेल. पण आजोबांचे पत्र त्याला दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावे लागू नये एवढी अक्षरओळख त्याच्या हाती देणे, हे आम्ही त्याचे देणे लागतो.