भिंतीपलीकडचा बास

सबवूफरचं खोकं घरी बनवणं तसं सोपं. प्लायवूड, फेविकॉल, आठ इंची ड्रायव्हर आणि दोन रविवार. घोडं अडतं ते अ‍ॅम्प्लिफायरपाशी. माझ्यासमोर दोन पर्याय होते: टीपीए ३११८ चिपचा साठेक वॅटचा मोनो बोर्ड, किंवा टीपीए ३२५५ चा, जो एका चॅनलला तीनशे वॅटपर्यंत जातो.

मित्र म्हणाला, "मोठाच घे. नॉब तुझ्याच हातात आहे की!"

तांत्रिकदृष्ट्या तो बरोबरच बोलत होता. छोटा अ‍ॅम्प ताणला की लाटेची टोकं कापली जातात, आवाज फाटतो, ड्रायव्हरची कॉइल तापते. मोठा अ‍ॅम्प तेवढंच काम आरामात करतो.

पण उदगीरला आमच्या गल्लीत घरं भिंतीला भिंत लावून आहेत. ५० हर्ट्झची लाट जवळपास सात मीटर लांब असते. नऊ इंची भिंत तिला काय अडवणार? भिंत अडवते ते शब्द, बासरी, पेटी. म्हणजे गाणं माझ्याकडे राहतं आणि शेजारी जाते नुसती धडधड. शेजारच्या काकूंनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट पाहिली आहे. किल्लारी आमच्याच जिल्ह्यातलं. अजूनही मांडणीवरची भांडी वाजली की त्या आधी दाराकडं बघतात. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो.

कायद्याचं बघावं तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गोम अशी, की हे डेसिबल 'ए' मापाचे आहेत. हे माप माणसाच्या कानासारखं ऐकायचा प्रयत्न करतं आणि ५० हर्ट्झला सुमारे ३० डेसिबल वजा करतं. काकूंच्या खोलीत ८० डेसिबलचा बास घुमला तरी मीटर ५० दाखवणार. दिवसाच्या हिशोबात मी निर्दोष! मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींवर आपण तावातावानं बोलतो, पण ती वर्षातून काही दिवस असते. माझं खोकं रोज वाजणार.

म्हणून 'नॉब तुझ्याच हातात आहे' हेच मला खटकतं. ज्याला त्रास होणार त्याच्या हातात नॉब नाही. आणि काकू तक्रार करणार नाहीत. लहानपणी मला त्यांच्याकडे सोडून आई बाजारात जायची. अशा घरातून 'आवाज कमी कर' येत नाही. त्यांच्या गप्प बसण्याला परवानगी समजायचं का? मोठी ताकद घरात आणून ठेवायची आणि ती रोज माझ्या समजूतदारपणानं आवरेन म्हणायचं, हे शनिवारी रात्री चार मित्र जमल्यावर कितपत टिकेल?

बरं, मिळणार काय? पाचपट वॅट म्हणजे फक्त सात डेसिबल जास्त. माझ्या कानाला तेवढ्यानं फार फरक पडत नाही. पण भिंतीपलीकडं जो आवाज ऐकू येण्याच्या सीमेवर आहे, त्याचं 'काहीच नाही' वरून 'हे काय वाजतंय' व्हायला सात डेसिबल पुरतात.

मी साठ वॅटचा घेतला. जोडून झाल्यावर धाकट्या भावाला नॉबपाशी बसवलं आणि मी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो. फोनवर 'अजून वाढव, अजून' चाललं होतं. काकूंनी चहा टाकला.

"गाणं कुठंय रे बाळा? मला तर काहीच ऐकू येईना."

"नाही ना? मग ठीक आहे."

तेवढ्यात मांडणीवरचं एक झाकण हलकंसं किणकिणलं. भावाला म्हटलं, थोडं मागं घे, आणि तिथंच मार्करनं खूण कर.