इतिहासाची शिकवणी आणि विकतचें मत

दोनेक वर्षांपूर्वीं, पावसाळ्याच्या आरंभीं, एके संध्याकाळीं सोलापुरांतील एक सद्गृहस्थ आमच्या घरीं आले. टॉवेल विणणारे आठ-दहा यंत्रमाग त्यांच्या मालकीचे आहेत. चिरंजीव त्या वर्षीं दहावींत होता. कुशलप्रश्न झाल्यावर त्यांनीं मुद्द्याला हात घातला. 'सर, गणिताचा क्लास लावला, विज्ञानाचा लावला. इतिहास-नागरिकशास्त्राला तेवढा घरीं येऊन शिकविणारा चांगला माणूस बघून द्या. पैशाचें बघूं नका; पण चाळीसांत अडतीस तरी पडायला पाहिजेत.' आम्हीं मोठ्या उत्साहानें होकार दिला. पंचवीसांहून अधिक वर्षें महाविद्यालयांत इतिहास शिकविणाऱ्यास इतिहासाचा एक शिक्षक शोधून देणें जड कां जावें? परंतु ते गृहस्थ जिना उतरून गेले आणि आपण नेमकें काय शोधून देण्याचें कबूल केलें, हा प्रश्न आम्हांस पडला. ह्या प्रकरणाचा शेवट आमच्या दृष्टीनें भूषणावह झाला नाहीं. म्हणूनच तो प्रश्न वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या गृहस्थांस हंसण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. दहावीच्या परीक्षेंत इतिहास व राज्यशास्त्र ह्या विषयास ४० गुण आहेत, भूगोलास ४०. आणि पुढच्या प्रवेशाच्या रांगेंत एकेका गुणानें मुलगा मागें-पुढें होतो. ज्या बाजारांत जें नाणें चालतें तें आपल्या मुलाच्या हातीं असावें, असें बापाला वाटणें हा कांहीं दोष नव्हे. ज्या विडी कामगार बाईला असा शिक्षक ठेवणें परवडत नाहीं, तिच्या मुलीनें काय करावें, हा प्रश्न खराच आहे, आणि तो गंभीरही आहे. परंतु त्याच्याही अगोदर एक प्रश्न येतो. ज्याला परवडतें त्याला तरी ह्या पैशांत काय मिळतें?

गणिताच्या शिकवणींत काय मिळतें हें स्पष्ट आहे. शिक्षकानें चुकीची रीत सांगितली तर मुलाला ताळा पाहतां येतो. ताळा जुळला कीं तें ज्ञान मुलाचें झालें, शिक्षकाचा त्यावर हक्क उरत नाहीं. इतिहासांतील सनावळीचाही ताळा पुस्तकांत पाहतां येईल. परंतु अमुक घटना कां घडली, तमुक पुरुष योग्य वागला कीं अयोग्य, अमक्या कायद्यानें कोणाचें हित झालें व कोणाचें अनहित, ह्या उत्तरांचा ताळा कोठें पाहावयाचा? तेथें शिक्षक जें देतो तें मत असतें. रीत न शिकतां घेतलेलें मत दुसऱ्याचेंच राहतें. आणि तें आपलेंच आहे अशी मुलाची समजूत मात्र होते. इतर विषयांचा वाईट शिक्षक मुलाला अज्ञानी ठेवतो. इतिहासाचा वाईट शिक्षक त्याला सज्ञान असल्याचा भ्रम देतो.

घरीं शिक्षक ठेवून राज्यकारभार शिकविण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. फक्त पूर्वीं ती राजपुत्रांपुरती होती. तीन उनाड राजपुत्रांस सहा महिन्यांत शहाणें करून सोडण्याचा विडा उचलणारा पंचतंत्रांतील विष्णुशर्मा हा अशाच शिकवणीचा शिक्षक. शांतिपर्वांत शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला राजधर्म सांगतात, तोही ह्याच वर्गांतला. आणि तेथें युधिष्ठिर प्रश्न करतो म्हणून भीष्म बोलतात, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. परंतु कथापुराणें बाजूस ठेवून ज्याची कागदोपत्रीं नोंद आहे असें उदाहरण घ्यावयाचें, तर बडोद्याचें घेतां येईल.

१८७५ मध्यें मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक येऊन गादीवर बसला. तेच पुढें सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आले. ह्या मुलाच्या शिक्षणासाठीं इलियट नांवाचे इंग्रज शिक्षक नेमण्यांत आले. आणि १८८१ मध्यें, अधिकारसूत्रें हातीं यावयाच्या सुमारास, खुद्द दिवाण सर टी. माधवराव ह्यांनीं त्याला राज्यकारभारावर व्याख्यानें दिलीं. 'मायनर हिंट्स' ह्या नांवानें तीं इंग्रजींत छापलेलीं आहेत. माधवराव हे कुंभकोणम् येथें १८२८ सालीं जन्मलेले, तंजावरकडील मराठी घराण्यांतले. तारुण्यांत त्रावणकोरच्या राजपुत्रांचे ते शिक्षक होते, आणि पुढें त्याच संस्थानाचे दिवाण झाले. राज्यशास्त्राला ह्याहून अनुभवी शिक्षक कोणास मिळावा?

परंतु आमच्या मतें ह्या शिकवणीची खरी परीक्षा १८८१ मध्यें झाली नाहीं. सयाजीरावांनीं अमरेली तालुक्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणास आरंभ केला तो १८९३ मध्यें, आणि सबंध राज्यास तें लागू केलें तें १९०६ मध्यें. माधवराव १८९१ मध्येंच निवर्तले होते. म्हणजे ज्या निर्णयांसाठीं आज आपण सयाजीरावांचें नांव घेतों ते घेतांना गुरु शेजारीं नव्हता, जगांतच नव्हता. राज्य करण्याची विद्या अशीच आहे. तिच्यांतला मुख्य प्रश्न गुरूच्या पश्चात् उपस्थित होतो. म्हणून ह्या विद्येंत उत्तरें पुरविणारा शिक्षक कितीही विद्वान् असला तरी अपुरा पडतो, आणि आपल्यावांचून चालेल असा शिष्य तयार करणारा तेवढाच कामाचा ठरतो.

कोणी म्हणेल, तें राजपुत्राचें झालें. यंत्रमागवाल्याच्या मुलाशीं त्याचा संबंध काय? आम्ही म्हणतों, तोच तर संबंध आहे. १९५० पासून ह्या देशांत गादीचा वारस कोणी एकटा राहिला नाहीं. १९८८ च्या घटनादुरुस्तीनें मतदानाचें वय एकवीसावरून अठरावर आलें. म्हणजे दहावींतला हा मुलगा दोन-तीन वर्षांत राज्यकर्त्यांच्या निवडीस बसणार. त्याची अधिकारग्रहणाची तिथि सयाजीरावांच्या तिथीइतकीच निश्चित आहे. फरक एवढाच कीं, त्या मुलासाठीं संस्थानानें दिवाण बसविला, आणि ह्या मुलासाठीं आम्हीं अडतीस गुण मिळवून देणारा माणूस शोधावयाचा होता.

दुसरा आक्षेप अधिक विचारणीय आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला मतामतांच्या गलबल्यांत कशाला ओढावयाचें? आधीं माहिती होऊं द्या, विवेक मागाहून येईल. ह्यावर जॉन स्टुअर्ट मिल्लनें १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथांत सुचविलेला उपाय आम्हांस अजून पटतो. वादग्रस्त विषयांतील परीक्षा मताच्या खरेखोटेपणावर घेऊं नये. अमुक मत अमुक लोक अमुक कारणांसाठीं धरतात, एवढ्या वस्तुस्थितीवर घ्यावी, असें त्याचें म्हणणें. हें पंधरा वर्षांच्या मुलाला सहज झेपतें. किंबहुना आमच्या पाठ्यपुस्तककारांचाही हेतु तोच असावा. दहावीसाठीं २०१८ मध्यें आलेल्या पुस्तकाचा पहिलाच पाठ इतिहासलेखनाच्या परंपरेवर आहे, आणि मूळ कागदपत्रें तपासण्याचा आग्रह धरणारा रांके त्यांत आहे. एकही मूळ कागद न पाहतां मुलें रांकेचें हें म्हणणें छापील नोट्समधून पाठ करतात, हा दोष पुस्तकाचा नव्हे.

असो. आम्हांपुढें दोन माणसें होतीं. एकाचा नोट्सचा छापखानाच होता. त्याच्या मुलांस गुण पडत, हें निर्विवाद. दुसरा आमचा जुना विद्यार्थी, इतिहासाचा एम. ए., एका महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारा. म्हणजे जितके तास घेईल तितकेच पैसे, आणि तेही हातीं येतील तेव्हां. आम्हीं दुसऱ्याला पाठविलें.

पहिल्याच आठवड्यांत त्यानें मुलाला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशीं नेलें. १९३० च्या मे महिन्यांत महात्मा गांधींच्या अटकेची वार्ता येतांच सोलापुरांत गिरण्या बंद पडल्या, मोर्चे निघाले, ८ तारखेस गोळीबार झाला. खवळलेल्या जमावानें मंगळवार पेठेच्या चौकीवर हल्ला केला, त्यांत पोलीस शिपाई मारले गेले. १२ तारखेस मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत चालला. त्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन ह्या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजीं येरवड्यास फांशी देण्यांत आली. नोट्समध्यें हें सारें पांच मुद्द्यांत बसतें. आमच्या विद्यार्थ्यानें ते मुद्दे सांगितले आणि मग विचारलें: हे चौघे दोषी असें न्यायालयानें कशावरून धरलें? निर्दोष असें सोलापूर कशावरून मानतें? दोहोंपैकीं कोणाचा पुरावा आपण पाहिला आहे? मुलानें उलट विचारलें, 'सर, ते शिपाई कोण होते?' आमच्या विद्यार्थ्याला उत्तर ठाऊक नव्हतें. त्यानें तसें सांगितलें, आणि शोधूं या म्हणाला. हुतात्म्यांविषयींचा आदर ह्या प्रश्नानें उणा होत नाहीं. उलट ज्याविषयीं आपण विचार केला आहे त्याविषयींचाच आदर टिकतो, असें आम्हांस वाटतें.

राज्यशास्त्राचेंही तसेंच झालें. लोकांनीं निवडलेले प्रतिनिधि स्थानिक कारभार पाहतात, असें मुलगा लहानपणापासून वाचीत आला होता. परंतु सोलापूर महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर निवडणूक लांबत गेली, आणि त्या वेळीं कारभार प्रशासकाकडे होता. आपल्या पेठेंत पाणी कित्येक दिवसांआड येतें, मग त्याबद्दल विचारावयाचें कोणाला, असा प्रश्न मुलानें जेवतांना वडिलांना केला.

सहामाहींत त्याला चोवीस गुण पडले. वडील पुन्हां आमच्याकडे आले. 'सर, माणूस चांगला आहे, पण मुलगा आतां प्रत्येक गोष्टीला कशावरून म्हणून विचारतो, आणि पेपरांत लिहीत कांहीं नाहीं. दुसरा कोणी बघा.' ह्या ठिकाणीं आम्हीं बोलावयास पाहिजे होतें. मुलाला जें मिळत होतें त्याचें मोल त्या गृहस्थांस समजावून सांगावयास पाहिजे होतें. उरलेल्या महिन्यांत गुणांचीही तजवीज होईल, असा शब्द द्यावयास पाहिजे होता. आम्हीं 'बरें, बघतों' म्हटलें आणि नोट्सवाल्यांचा फोन नंबर दिला. संकोच, शेजारधर्म, कामाची घाई, अशीं कारणें आम्हीं मागाहून स्वतःस दिलीं. तीं सारीं पोकळ आहेत.

आमचा विद्यार्थी भेटावयास आला. महिना चार हजार रुपये बुडाल्याची तक्रार त्यानें केली नाहीं. 'सर, तुम्ही त्यांना काय सांगितलेंत?' एवढेंच त्यानें विचारलें. आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तत्त्व आमचें होतें; त्याची किंमत त्यानें दिली. वर्गांत स्वतंत्र बुद्धीची महती सांगणाऱ्या आम्हां पगारदार प्राध्यापकांचा हा दोष जुना आहे. आपल्या तत्त्वाचा खर्च आपल्याहून दुबळ्याच्या नांवावर पडला तर आम्ही सहसा हिशेब पाहत नाहीं.

ह्या घटनेवरून आम्ही काय शिकलों? एक तर हें कीं, गुणांची हेळसांड करण्याचा अधिकार कोणत्याही शिक्षकास नाहीं. चोवीस गुण हें मुलाचें खरें नुकसान होतें, आणि आमच्या विद्यार्थ्याची ती चूक होती. सनावळी, घटनांचा क्रम, नेटकें उत्तर लिहिण्याची संवय ह्या गोष्टी पैसे देऊन मिळतात, आणि त्या चोख मिळाल्या पाहिजेत. त्यांच्यावांचून 'कशावरून' हा प्रश्नही नुसता उद्धटपणा होतो. परंतु एवढें मिळाल्यावर शिक्षक पारखावयाचा असेल तर पालकांनीं त्याला एकच गोष्ट विचारावी: मुलाला तुमचें मत पटलें नाहीं तर तुम्ही काय करतां? 'त्याचा पुरावा मागतों आणि माझा दाखवितों,' असें जो म्हणेल तो ठेवावा. 'तसें होणारच नाहीं,' असें जो म्हणेल, त्याच्या निकालाचे आंकडे कितीही मोठे असोत, त्याच्या हातीं मूल देऊं नये.

तो मुलगा लवकरच मतदान करील. त्या दिवशीं तयार उत्तरें घेऊन उभे राहणारे त्याला पुष्कळ भेटतील, आणि त्यांची शिकवणी फुकट असेल. दुसऱ्याचें मत विकत घेऊन वापरण्याची ज्याला लहानपणींच संवय लागली, त्याला आपलें मत विकणें पुढें फारसें जड जात नाहीं. ह्यापुढें कोणी इतिहासाचा शिक्षक मागावयास आला तर हें सारें त्याला प्रथम सांगावयाचें, आणि मगच माणूस पाठवावयाचा. आणि पाठविलेल्या माणसाच्या पाठीशीं उभें राहावयाचें, असें आम्हीं ठरविलें आहे. हें पूर्वींच ठरविलें असतें तर त्या तरुणाच्या प्रश्नापुढें आम्हांस मान खालीं घालावी लागली नसती.