झेंड्याची अब्रू, माणसाची अब्रू

झेंड्याचा अपमान मोठा की माणसाचा? हा प्रश्न माझा नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी, राजा ढाले यांनी तो 'साधना'त 'काळा स्वातंत्र्यदिन' या लेखात विचारला. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून बौद्ध बायांची विटंबना झाली होती. ढाल्यांनी बाईच्या अब्रूची शिक्षा आणि झेंड्याच्या अब्रूची शिक्षा शेजारी-शेजारी मांडली. पांढरपेशा महाराष्ट्र खवळला. कशासाठी? बायांसाठी नाही. झेंड्याबद्दलच्या शब्दांसाठी.

आमच्या भातकुलीकडं हा हिशेब कळायला वेळ लागत नाही. हा पूर्णेचा खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारट. जिथं गोडं पाणीच मोजकं, तिथं कोणाच्या विहिरीवर कोण चढतं याला जिवाचा भाव येतो. आता कायदा पाहा. अस्पृश्य म्हणून विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, तर १९५५ च्या कायद्यानं जास्तीत जास्त सहा महिने आणि पाचशे रुपये दंड. झेंडा जाळला, फाडला, तुडवला, तर १९७१ च्या कायद्यानं तीन वर्षांपर्यंत कैद. १९८९ ला अत्याचारविरोधी कायदा आला, त्यात पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आली, तेव्हा कुठं पारडं हललं. मधली अठरा वर्षं कापड महाग होतं. आणि कापड तरी कोणाच्या हातचं? वऱ्हाडात कापूस वेचायला कोणाच्या बाया वाकतात ते सांगावं लागत नाही.

एक मास्तर मले म्हणाले, "अरे बाप्पा, माणसाचा अपमान एकाचा असते, झेंड्याचा साऱ्या देशाचा." मुद्दा खोटा नाही. झेंडा म्हणजे नुसता कापडाचा तुकडा, असं मीही म्हणत नाही. पण मग तो कशाची खूण आहे, ते तरी धड सांगा.

घटना समितीनं २२ जुलै १९४७ ला हा झेंडा मंजूर केला. त्याआधी राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली झेंडा समिती नेमली होती, तिच्यात बाबासाहेब होते. काँग्रेसच्या १९३१ च्या झेंड्यावर चरखा होता. तो गेला, आणि सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चोवीस आऱ्यांचं चक्र आलं. राधाकृष्णन यांनी त्याचा अर्थ धर्माचं चक्र असा सांगितला, आणि चाक म्हणजे गती हेही सांगितलं. सारनाथ म्हणजे बुद्धानं पहिला उपदेश केला ती जागा. तो उपदेश जात पाहून नव्हता. म्हणून 'निळा तेवढा आपला, तिरंगा त्यांचा' म्हणणाऱ्या आमच्या पोट्ट्यांशी माझं जमत नाही. मधलं चाकच आपलं आहे रे! ते टाकून जायचं कुठं?

मास्तरांना उत्तर द्यायला मला तमिळनाडूतलं एक गाव आठवतं, आथुपाक्कम. २०२० साली तिथल्या पंचायतीच्या अध्यक्ष एक दलित बाई होत्या. १५ ऑगस्टला त्यांना झेंडा फडकवू दिला नाही. ओरड झाली, तेव्हा त्याच महिन्यात कलेक्टरांनी येऊन त्यांच्या हातून फडकवला. आता बघा, त्या १५ ऑगस्टला झेंडा जळला नाही, फाटला नाही, कोणाच्या पायाखाली आला नाही. मास्तरांच्या हिशेबानं एका बाईचा अपमान झाला, देशाचा नाही. मी म्हणतो, झेंड्याची खरी बेअदबी ती. ज्याची खूण म्हणून ते चाक मधोमध बसवलं, तेच त्या बाईच्या तोंडावर नाकारलं. मग एकाचा अपमान आणि देशाचा अपमान वेगळा कसा काढायचा?

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ ला लागू झाली, तेव्हापासून आपल्याकडंही राखीव जागांवर आपली माणसं, आपल्या बाया सरपंच होतात. दोस्तहो, तुमच्या गावात झेंड्याची दोरी त्यांच्या हातात असते का? आणि झेंडा लावून झाला की खुर्चीवर कोण बसतं? खरं काय ते लिहून पाठवा. नाव घालू नका म्हणाल तर घालणार नाही.