शिवी कोणाला लागते?

भोपाळच्या करोंद चौराह्याच्या आसपास हाणामारी झाली आणि प्रकरण ठाण्यात गेले, की एफआयआरमध्ये एक वाक्य हमखास येते: 'माँ-बहन की अश्लील गालियाँ दीं, जो सुनने में बुरी लगीं.' भांडण मंडीतल्या हम्मालांचे असो, ऑटोवाल्यांचे असो की नळाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांचे, वाक्य बदलत नाही. कलमांची माळही ठरलेली. पूर्वी दंडविधानाची 294, 323, 506 अशी असायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची 296, 115, 351 अशी.

हे वाक्य फिर्यादीचे नसते. शब्द अश्लील हवेत, जागा सार्वजनिक हवी आणि इतरांना त्याचा त्रास झालेला हवा, असे कलम सांगते, म्हणून ठाण्यातला मुन्शी ते लिहितो. कलम घालण्याचे कारणही बहुतेक वेळा शिवी हे नसते. साधी दुखापत अदखलपात्र आहे; पोलिसांना दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तिचा तपास करता येत नाही. सार्वजनिक ठिकाणची अश्लील शिवी मात्र दखलपात्र, आणि एक कलम दखलपात्र असले की अख्खे प्रकरण तसेच धरले जाते. ज्याच्या थोबाडीत बसली, त्याची तक्रार नोंदवून घ्यायला शिवीचा टेकू लागतो. कायद्यातली शिवी आज मुख्यतः या कामी येते.

म्हणून आमच्या वस्तीतले काही सज्जन सहीसाठी निवेदन घेऊन आले आणि 'सार्वजनिक ठिकाणी शिव्या देणाऱ्यांवर कडक कारवाई व्हावी' ही मागणी मी वाचली, तेव्हा सही करण्याआधी विचारावेसे वाटले: कारवाई कोणासाठी? फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूबवरच्या एका कार्यक्रमातल्या किळसवाण्या प्रश्नावरून गुवाहाटीपासून मुंबईपर्यंत गुन्हे दाखल झाले. तेव्हाही सगळा देश, आपल्या कानांना किती त्रास झाला, हेच बोलत होता. शिवी म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानांवरचा अत्याचार, ही समजूत घट्ट बसली आहे. ती कुठून आली आणि कुठे मोडली, हे पाहिल्याशिवाय शिक्षेची भाषा करू नये.

शिवीला शिक्षा आपल्याकडे जुनीच. कौटिल्य तिला वाक्पारुष्य म्हणतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तर दरपत्रकच आहे. ब्राह्मणाला शिवी दिली तर क्षत्रियाला 100 पण दंड, वैश्याला 150 किंवा 200, शूद्राला शारीरिक शिक्षा. ब्राह्मणाने दिली तर क्षत्रियासाठी 50, वैश्यासाठी 25, शूद्रासाठी 12. या व्यवस्थेला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: शिवी माणसाची जागा दाखवते. ही व्यवस्था वरच्याची जागा राखायला उभी होती, हे तिचे पाप. पण शिवी लागते कुठे, याबद्दल तिचा गैरसमज नव्हता.

1860 च्या दंडविधानाने हे दरपत्रक फाडले, आणि त्याचे ऋण मानायलाच हवे. शिवी कोणी दिली, कोणत्या जातीने दिली, हा प्रश्नच उरला नाही. मात्र ज्याला दिली तोही हिशेबातून गेला. कलम 294 मध्ये पीडित आहे तो जवळून जाणारा सभ्य गृहस्थ. कलम 504 मध्ये पीडित आहे ती शांतता, कारण तिथे अपमान मोजायचा तो समोरचा माणूस बिथरून दंगा करील की नाही, यावर. अपमान गिळून मुकाट घरी गेलेल्या माणसासाठी यातले एकही कलम लिहिलेले नव्हते. स्त्रीच्या विनयाचे 509 तेवढे वेगळे होते.

पुढची शंभर वर्षे अश्लीलतेच्या वादात गेली. हिकलिनची कसोटी, लेडी चॅटर्लीचा खटला, 1962 च्या दिवाळी अंकातल्या कथेसाठी चंद्रकांत काकोडकरांनी सोसलेली फरफट आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केलेली सुटका, मग 'गोलपिठा', 'सखाराम बाइंडर'. मराठी वाचकाला हे सगळे माहीत आहे. शेवटही साधारण एकमताचा झाला. एन. एस. मदनगोपाल प्रकरणात 2022 साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की नुसते शिवराळ किंवा अपमानकारक शब्द 294 मध्ये बसत नाहीत. शब्दांत कामुक भावना चाळवण्याचा गुण हवा. 2024 मध्ये 'कॉलेज रोमान्स' या मालिकेच्या निकालातही तेच: असभ्य भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे. म्हणजे ठाण्यात रोज लिहिले जाणारे ते वाक्य बहुतेक वेळा न्यायालयात टिकणारच नाही. तरी ते लिहिले जाते.

या निकालांनी शिव्यांना मोकळे रान दिले, असे म्हणणारे खरा बदल चुकीच्या जागी शोधतात. तो आधीच झाला होता, आणि त्याला कोणी शिव्यांच्या इतिहासात धरतच नाही.

त्या बदलाची वाट संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदापासून निघते. 1955 चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, 1976 च्या दुरुस्तीने त्याचा झालेला नागरी हक्क संरक्षण कायदा आणि त्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेल्या अपमानाला दिलेली वेगळी जागा. मग 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. आपण त्याला नुसते 'अॅट्रॉसिटी' म्हणतो आणि 'जातीवरून शिवी दिली की आत' एवढाच त्याचा अर्थ लावतो. विरोधक आणि समर्थक दोघेही हेच वाचन करतात. आणि शिवीबंदीवाले म्हणतात, एका समाजासाठी शब्दांना शिक्षा आहे ना, मग सगळ्यांसाठी का नको?

कलम नीट वाचावे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा, तिला हीन लेखण्याच्या हेतूने, लोकांच्या नजरेसमोर केलेला हेतुपुरस्सर अपमान. इथे शब्दांची यादी नाही, अश्लीलता नाही, ऐकणाऱ्याला झालेला त्रास नाही. एकही घाण शब्द न वापरता हा गुन्हा घडू शकतो. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत. 294 मध्ये जास्तीत जास्त तीन महिने होते. सभ्य गृहस्थाच्या कानापेक्षा माणसाच्या पाणउताऱ्याचे मोल कायद्याने पहिल्यांदाच इतके जास्त ठरवले.

लोक दोन्ही कायद्यांत आहेत, पण त्यांचे काम बदलले आहे. 294 मध्ये लोक पीडित आहेत. 1989 च्या कायद्यात लोक म्हणजे अपमान करणाऱ्याचे हत्यार. चार माणसे पाहत आहेत, म्हणूनच पाणउतारा पुरा होतो. स्वर्णसिंह प्रकरणात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागा आणि लोकांच्या नजरेसमोरची जागा यांत फरक केला: घराचे फाटक खासगी असेल, पण रस्त्यावरून दिसत असेल तर गुन्हा होतो. 2020 च्या हितेश वर्मा निकालात त्याचीच दुसरी बाजू आली: चार भिंतींआड, बाहेरचे कोणी नसताना बोलले गेले, म्हणून हे कलम लागले नाही. अनेकांना हा तांत्रिक कीस वाटतो. माझ्या मते सगळा विचार इथेच आहे.

या कायद्याने जात परत कायद्यात आणली, असा आक्षेप घेतला जातो. आणली, हे खरे. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जी मनुस्मृती जळली, तिचे दरपत्रक उलटे करून आणली. मनूने जिची जागा खाली धरली, तिच्या मानाला कायद्याचे सर्वांत भारी कवच मिळाले. मला एकच दुरुस्ती खटकते. 2016 पासून जातीच्या नावाने शिवी देणे हे वेगळे पोटकलम झाले. त्यात हेतूची अट तशी स्पष्ट नाही, आणि कायदा पुन्हा शब्द मोजायला लागल्यासारखा दिसतो. लोकांच्या गैरसमजाला हे पोटकलम खतपाणी घालते.

आता सौंदाळ्याकडे वळू. नेवासे तालुक्यातल्या या गावाने 28 नोव्हेंबर 2024 च्या ग्रामसभेत आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंडाचा ठराव केला. सरपंच शरद आरगडे यांची मांडणी अशी, की आई-बहिणीच्या नावाने बोलणारा विसरतो की त्याच्या घरातही बायका आहेत. मला हा ठराव मनापासून आवडतो. कानांना त्रास होतो असे गाव म्हणाले नाही. भांडणात हजरही नसलेल्या बाईची अब्रू त्यांनी मोजली. तिला ना 296 मध्ये जागा आहे, ना विनयभंगाच्या कलमात. पण हे गावातल्या माणसांनी एकमेकांच्या तोंडावर केले, म्हणून त्याला अर्थ आहे. तोच ठराव पोलिसांच्या हाती दिला, की त्याचे 'सुनने में बुरी लगीं' होणार.

करोंद मंडीत पहाटे माल उतरताना पाठीवर पोते घेतलेला हम्माल वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या हम्मालाला सणसणीत शिवी हासडतो, दुसरा त्याहून सणसणीत परत करतो, आणि दोघे तसेच पुढे जातात. भोपाळच्या बोलण्यात हे रोजचेच. जवळून जाणाऱ्याचे कान विटतील, पण यात पाणउतारा झालेला नाही. थोड्या वेळाने तोच हम्माल वजनावरून काही बोलतो. आढतीच्या गादीवरचा मालक सगळ्यांसमोर त्याला तीच शिवी देतो, आणि तो मान खाली घालून पोते उचलतो. शब्द तोच. फरक इतकाच, की ही शिवी परत करता येत नाही. परत केली तर उद्याचे काम जाते.

मला कायद्यासाठी हीच कसोटी योग्य वाटते. अधिकाऱ्याने सफाई कामगाराला, मुकादमाने मजुराला, ठाण्यातल्या शिपायाने तक्रार घेऊन आलेल्या गरिबाला चारचौघांत दिलेली शिवी. जात कोणतीही असो, समोरच्याला परत बोलता येत नाही हे माहीत असूनच ती दिली जाते. कलम 296 मधला शब्दांचा भाग काढून टाकावा. साध्या मारहाणीची दखल घ्यायला पोलिसांना वेगळा, सरळ अधिकार द्यावा. आणि 1989 च्या कायद्याने जातीपुरते जे ओळखले, ते अधिकाराच्या जोरावर केलेल्या पाणउताऱ्यापर्यंत न्यावे. जातीच्या कायद्याला मात्र धक्का लावू नये, कारण तिथली शिवी एका मालकाची नसते, पिढ्यांची असते.

यात एक अडचण आहे आणि ती लहान नाही. पाणउतारा लोकांच्या नजरेसमोर झाला, हे सिद्ध करायला ते लोकच साक्षीला लागतात. मंडीत आढतदाराविरुद्ध साक्ष द्यायची कोणी? बाकीच्या हम्मालांनी, ज्यांची उद्याची हजेरी त्याच गादीवर लागते. अॅट्रॉसिटीच्या खटल्यांतही साक्षीदार फुटतात ते याच भीतीने. 2015 च्या दुरुस्तीने त्या कायद्यात पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण घातले: संरक्षण, प्रवासखर्च, निर्वाहभत्ता, गरज पडल्यास पुनर्वसन. नवे कलम लिहिणाऱ्याने सुरुवात या प्रकरणापासून करावी. शिवीची व्याख्या नंतर केली तरी चालेल.