पट्टकदंबाची वाट

हिवाळ्यात उजनी, जायकवाडी, नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पट्टकदंब उतरतात. राखाडी अंग, पांढरे डोके, त्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. काठच्या गवतात, हरभऱ्याच्या कोवळ्या रोपांत निवांत चरणारा हा हंस हिमालय ओलांडून आला आहे, हे समोर पाहतानाही खरे वाटत नाही.

साडेपाच हजार मीटरवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. तिथवर जायचे तर माणसाला मुक्काम करत, शरीराला सवय लावत जावे लागते. पट्टकदंब परतताना हिमालयाची चढण सात-आठ तासांत पार करतो, तीही स्वतःच्या पंखांच्या बळावर. त्याच्या हिमोग्लोबिनमध्ये मोजक्याच अमिनो आम्लांचा फरक आहे. तेवढ्याने विरळ हवेतला प्राणवायूही धरून ठेवता येतो. फुफ्फुसे मोठी, श्वास खोल, उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट.

पण मला जास्त विलक्षण वाटते ती त्याची वाट. एव्हरेस्टच्या माथ्यावरून उडणारा पक्षी अशी त्याची ख्याती. अभ्यासकांनी हंसांच्या शरीरात हृदयाचे ठोके आणि उंची नोंदणारी छोटी यंत्रे बसवली, तेव्हा 2015मध्ये वेगळेच चित्र पुढे आले. पट्टकदंब एकदा उंच चढून सरळ रेषेत जात नाही. डोंगर आला की तो चढतो, दरी आली की खाली उतरतो, पुढच्या डोंगराला पुन्हा चढतो. एवढ्या कष्टाने मिळवलेली उंची तो सोडून देतो! हिशेब मात्र पक्का आहे. विरळ हवेत तरंगत राहण्यासाठी पंख जरा जरी जलद मारावे लागले, तरी हृदयावरचा ताण कितीतरी वाढतो. खालच्या दाट हवेत तेच उडणे स्वस्त पडते. म्हणूनच तो बऱ्याचदा रात्री आणि पहाटे निघतो. थंड हवा अधिक दाट असते.

एवढी ताकद अंगी असून तिची एवढी काटकसर! मला या पक्ष्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

विसावलेल्या थव्याच्या अंगावर होडी नेऊन त्याला उडवतात, ते म्हणूनच पाहवत नाही. फोटो मिळतो, पण त्या उडण्यात जळलेली चरबी हिमालय चढताना लागणार असते.