पैसे त्याचे, मत आपले?



मागच्या निवडणुकीनंतर एका वस्तीत वंदना आटोपली आणि चहा घेताना एक आजी मला म्हणाल्या, "गुरुजी, पाकीट घेतलं मी. खोटं कशाला सांगू? पण मत आपल्याच माणसाला दिलं. मग शील कुठं मोडलं?" बाजूचे सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. त्या दिवशी मी वेळ मारून नेली. आज नीट सांगतो.

आधी कायदा पाहू. मतासाठी लाच देणे-घेणे हा गुन्हा 1920 साली भारतीय दंड संहितेत घातला गेला. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 170 मध्ये आहे. ग्रामपंचायतीपासून लोकसभेपर्यंत तो लागू आहे. देणारा गुन्हेगार, आणि घेणाराही. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. जेवणावळ आणि दारू पाजली असेल तर फक्त दंड. (ही सवलत मला कधी पटलेली नाही. आपल्या वस्त्यांचा घात नोटांपेक्षा बाटलीनेच जास्त केला आहे.) उमेदवारावर 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने हा भ्रष्टाचार शाबीत झाला, तर त्याची निवड रद्द होते आणि सहा वर्षांपर्यंत त्याला अपात्र ठरविता येते. जाहीरनाम्यातील आश्वासने मात्र यात मोडत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले आहे.

आता आजींचा मुद्दा. कायदा करणाऱ्यांनी तो जणू आधीच ऐकून ठेवला होता. जे करण्याचा मनात हेतूच नाही त्यासाठी पैसे घेतले, तरी ती लाच घेतलीच, असे त्या कलमातच लिहिले आहे. म्हणजे पाकीट हातात आले तेव्हाच गुन्हा पुरा झाला. बटण कोणते दाबले याची विचारपूससुद्धा नाही.

आणि शील? अदिन्नादानाचे शील मोडले असे मी म्हणणार नाही, कारण पैसे न दिलेले नव्हते. परंतु 'होय दादा, तुम्हालाच' असे म्हणून ते घेतले ना? मग मुसावादाचे शील मोडले. आपल्या बावीस प्रतिज्ञांतही खोटे न बोलण्याची प्रतिज्ञा आहे, आणि समोरचा लबाड असेल तर ती सुटते असे तिथे कुठे म्हटलेले नाही.

भगवंतांनी राजगृहात सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश केला, तेव्हा माणूस ज्या चार वाटांनी भरकटतो त्या सांगितल्या. छंद म्हणजे लोभ, दोष म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान, आणि भय. यांना अगती म्हणतात. विनयात याच चार गोष्टी पुन्हा येतात, आणि त्या मतदानाच्या संदर्भात! भिक्खुसंघात मतभेद झाला की रंगीत शलाका वाटून मते घेत, आणि त्या वाटणाऱ्या भिक्खूला या चारही अगती असता कामा नयेत असा नियम होता. भिक्खुसंघाला गुप्त मतदान ठाऊक होते, याची आठवण परमपूज्य बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत करून दिली होती. तेव्हा मतदान ही आपल्याला कुणी नवी शिकविलेली गोष्ट नाही.

पाकीट ही लोभाची अगती झाली. पण मला अधिक चिंता भयाच्या अगतीची वाटते. पुष्कळ गावांत पैसे देऊन वर बेलभंडारा उचलायला लावतात. 'शब्द फिरवलास तर देव बघून घेईल' असा धाक घालतात. दीक्षा घेतलेल्या घरातली माणसेही त्या वेळी हात पुढे करतात, हे मी पाहिले आहे. देव्हारा घराबाहेर गेला, पण देवाचा धाक अजून पोटात आहे. उपासकांनो, हा धाक घालणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे! देवाचा कोप होईल असे मतदाराच्या मनात भरविणे याला कायदा गैरवाजवी प्रभाव म्हणतो. संहितेच्या कलम 171 मध्ये हे स्पष्ट आहे. त्या शपथेने तुम्ही तसूभरही बांधले जात नाही. आणि 'आम्हाला यंत्रातून कळतं' ही तर निव्वळ थाप. कोणत्या केंद्रावर किती मते पडली हे कळते, कोणत्या माणसाने कुणाला दिले हे कळत नाही.

हे सारे ऐकून एका तरुणाने मला विचारले, "ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्यालाही हेच सांगणार का?" प्रश्न रास्त आहे. त्या घरात निवडणुकीच्या आदल्या रात्री परका माणूस धान्य घेऊन पोचतो, आणि वर्षभर आपण विहाराची वर्गणी मागण्यापलीकडे तिथे गेलेलो नसतो. तो देतो ते दान नव्हे, त्याला परत काही हवे असते. पण जे दान आहे ते आपल्याकडून तरी त्या घरी कधी गेले? 1919 साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेब मताधिकारासाठी उभे राहिले, तेव्हा मालमत्ता आणि कर पाहून मत मिळत असे. ज्याच्याकडे काही नाही त्याला मतही नाही. संविधानाच्या 326 व्या कलमाने ती अट गेली. आज त्याच मोकळ्या हाताच्या माणसाचे मत हेरून विकत घेतले जाते.

म्हणून एक सुचवितो. मतदान संपण्याआधीचे 48 तास दारूविक्री बंद असते, त्यामुळे बाटल्या आधीच आणून ठेवतात आणि वाटप रात्री होते. त्या दोन रात्री विहारात वंदना आणि धम्मवाचन ठेवा, महिला मंडळाने पुढाकार घ्यावा. ज्या घरी अडचण आहे त्या घरी धान्य त्याच्या आठ दिवस आधी पोचवा, आणि मतदानाचा विषय तिथे काढू नका. आजींनाही बोलवा. त्यांनी पाकिटाचे काय करायचे ते अजून विचारलेले नाही, पण विचारतील.