ऋण कोणाला फेडावे?

प्रवासात गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव राष्ट्रीय उद्यानात मी नातीसह घटकाभर थांबलो. हे उद्यान १९७५ सालचे. पण तेथील विस्तीर्ण तलाव अठराव्या शतकात कोलू पटेल कोहळी यांनी बांधला, असे सांगतात.

"आजोबा, आता त्यांचे आभार कसे मानायचे?" नातीने विचारले.

मी निरुत्तर झालो. वसईच्या आमच्या वाडीत वडिलांनी जपलेले बावखल मीच भराव घालून बुजवले होते.

वाटचालीने थकलेला प्रभू येशू याकोबाच्या विहिरीपाशी विसावला. तीही पूर्वजांचीच ठेव. गेलेल्यांचे ऋण त्यांना फेडता येत नाही. ते येणाऱ्यांनाच फेडावे लागते.

नातीला मी बावखलाची सारी हकिकत सांगितली. प्रायश्चित्ताचा आरंभ कबुलीनेच होतो.